तुटणाऱ्या आवाजाचा माग: शिवाजी पेठेतल्या एका घरातला फायबरवरचा फोन

स्पीड टेस्टचा आकडा उत्तम, आणि फोनवर मात्र "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय" ही तक्रार कोल्हापुरात आता बऱ्याच घरांतून ऐकू येते. तांब्याच्या तारेवरचे ०२३१ चे नंबर एकेक करून फायबरवर गेले. नंबर तोच राहिला, टेबलावरचा फोनही तोच राहिला, पण आवाज आता पॅकेटमध्ये तुकडे होऊन जातो. त्यामुळे तो बिघडण्याची कारणंही बदलली. शिवाजी पेठेतल्या एका जुन्या दुमजली घरात भर पावसाळ्यात असा बिघाड शोधायचं काम केलं. नेहमीची बहुतेक सगळी कारणं त्या एकाच घरात एकत्र नांदत होती, म्हणून ते काम जसं झालं तसं लिहितो आहे.

घरातली मांडणी अशी होती. रस्त्यावरच्या खांबावरून फायबरची केबल खिडकीच्या चौकटीतून सोप्यात आलेली. तिथे भिंतीवर ओएनटी, म्हणजे फायबर जिथे संपते तो डबा. त्याला फोनचं एक पोर्ट आणि लॅनची, म्हणजे नेटच्या केबलची, चार. फोनच्या पोर्टमधून एक वायर जुन्या रोझेटला (तारा जोडायची भिंतीवरची डबी), आणि तिथून पूर्वीच्याच तांब्याच्या वायरिंगवर तीन खोल्यांत तीन फोन समांतर. ओएनटीच्या लॅनमधून जिन्याखाली घरचा स्वतःचा दुसरा राउटर. माडीवर सूनबाई पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतात. त्यांच्या टेबलावर कंपनीने दिलेला आयपी फोन (इंटरनेटवरून चालणारा), आणि तो वाय-फाय एक्स्टेंडरच्या मागच्या पोर्टला जोडलेला. शिवाय चार कॅमेरे, त्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर. प्लॅन ५० एमबीपीएसचा, पण अपलोड १० चंच.

"आवाज खराब आहे" एवढ्यावरून काहीच कळत नाही. म्हणून कशालाही हात लावायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला तेच तेच विचारलं. आवाज तुटतो, खरखरतो, गुणगुणतो, घुमतो, उशिरा पोचतो, एकाच बाजूने जातो, की कॉलच कटतो? आणि हे कोणाला ऐकू येतं, तुम्हाला की पलीकडच्याला? काकू म्हणाल्या, "पाऊस लागला की नुसती खरखर येतीया वो. आणि मधनंच शब्द गायब." सूनबाईंची तक्रार वेगळी होती: "मला समोरच्याचं स्वच्छ ऐकू येतं, पण माझं त्यांना तुटक जातं. आणि काही कॉल अर्ध्या मिनिटात आपोआप कटतात."

या दोन वाक्यांत निम्मं काम होतं. खरखर आणि गुणगुण पॅकेटच्या वाटेवर तयार होत नाही. पॅकेट हरवलं तर आवाजाचा तुकडा गळतो किंवा तो धातूसारखा, रोबोटी होतो, पण त्यात खरखर मिसळत नाही. खरखर येते ती जिथे आवाज अजून विजेच्या लहरीच्या रूपात धावतो तिथे, म्हणजे ओएनटीच्या फोन-पोर्टपासून हातातल्या रिसीव्हरपर्यंत. आणि दिशा पाहायची तर, मला समोरच्याचं तुटक ऐकू येत असेल तर माझ्याकडे येणारी वाट बिघडलेली, माझं त्यांना तुटक जात असेल तर माझ्याकडून जाणारी, म्हणजे अपलोडची. घराचा फोन आणि माडीवरचा फोन एकाच केबलवर असले तरी त्यांची दुखणी वेगळी होती, त्यामुळे दोन्ही स्वतंत्र तपासायची ठरवलं.

फोनजवळ एक वही ठेवली. वेळ, कोणता फोन, कॉल आला की केला, पलीकडे लँडलाइन की मोबाइल, पाऊस होता का, आणि काय ऐकू आलं. शंका आली की त्याच माणसाला लगेच मोबाइलवरून, वाय-फाय बंद करून, फोन लावायचा. तिथेही तुटत असेल तर दोष पलीकडचा. (लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावा लागतो, हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे. "फोन लागतच नाही" अशा काही तक्रारींचं मूळ एवढंच असतं.) वहीवरून चित्र स्पष्ट झालं. खालच्या फोनवरची खरखर पावसात, वेळ कुठलीही असो. खालच्या फोनवर शब्द गळणं अधूनमधून, पण पाऊस-वाऱ्यात जास्त. माडीवरचं तुटणं संध्याकाळी, घरातले सगळे परतल्यावर.

आधी खरखर घेतली, कारण तिची परीक्षा सगळ्यात सोपी. ओएनटीच्या फोन-पोर्टमधून रोझेटकडे जाणारी वायर काढली आणि एक साधा, वायरचा फोन दोन मीटरच्या नव्या तारेने थेट पोर्टला लावला. कॉर्डलेस नाही, साधाच. कॉर्डलेस लावला तर त्याचा बेस, त्याचा अडॅप्टर आणि त्याची बॅटरी असे तीन संशयित वाढतात. थेट लावल्यावर भर पावसातही आवाज स्वच्छ आला. म्हणजे खरखर घरातल्या तांब्यात.

सगळे फोन काढून रोझेटच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला. दोन्ही टोकं मोकळी असताना तिथे मेगाओहममध्ये रोध दिसायला हवा. दिसला जेमतेम २० किलोओहम. ही गळती होती. रोझेट उघडल्यावर स्क्रू हिरवे पडलेले, तांबं कळकलेलं. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे सापडली. रस्त्यावरच्या खांबावरून आलेली जुनी तांब्याची जोडी अजून त्याच स्क्रूंना अडकलेली होती. फायबर जोडणाऱ्याने फोन-पोर्टची वायर रोझेटला लावली, पण जुनी बाहेरची लाइन सोडवलीच नाही. असं फार घरांत असतं. ती तार बाहेर भिजते, शेजारच्या विजेच्या तारांमुळे तिच्यात ५० हर्ट्झची गुणगुण शिरते, आणि वीज कडाडली तर धक्का सरळ ओएनटीच्या पोर्टपर्यंत येण्याची वाट मोकळी राहते. फायबरवर गेल्यावर बाहेरून आलेली तांब्याची जोडी रोझेटपासून तोडलीच पाहिजे. हे काम करताना पोर्टची वायर आधी काढून ठेवावी. रिंग वाजते तेव्हा त्या दोन तारांवर ५० व्होल्टच्या बऱ्याच वर एसी दाब असतो आणि उघड्या तारेला बोट लागलं तर झटका चांगलाच बसतो.

बाहेरची जोडी तोडली, रोझेट बदललं, भिंतीतले दोन उघडे जोड कापून जेल भरलेले छोटे कनेक्टर दाबले. तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळलेला जोड कोल्हापूरच्या आषाढ-श्रावणात टिकत नाही, टेपच्या आत ओल धरते. तिसऱ्या खोलीतला फोन काढूनच टाकला. पूर्वी एक्स्चेंजची लाइन तीन घंट्या सहज वाजवायची. ओएनटीचं पोर्ट थोड्या अंतरासाठी आणि एक-दोन फोनसाठीच बनवलेलं असतं. समांतर फोन वाढले की घंटी मलूल वाजते आणि दोघांनी रिसीव्हर उचलले की आवाज बसतो. एवढं झाल्यावर खरखर गेली.

गुणगुण राहिली होती, आणि तीही फक्त वीज गेल्यावर. याचं कारण इन्व्हर्टर. जुना इन्व्हर्टर साइन वेव्ह देत नाही, चौकोनी लहर देतो. ती कॉर्डलेसच्या हलक्या अडॅप्टरमधून गाळली न जाता सरळ आवाजात येते. ओएनटी आणि राउटर १२ व्होल्टच्या छोट्या डीसी यूपीएसवर घेतले आणि खाली वायरचा फोन ठेवला, प्रश्न मिटला. इथे एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना समजावून सांगितली: तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजकडून ४८ व्होल्ट यायचे, म्हणून लाइट गेली तरी फोन चालायचा. फायबरवर तसं नाही. ओएनटी बंद तर फोन बंद. वयस्क माणसं ज्या घरात लँडलाइनवर अवलंबून आहेत तिथे हा छोटा यूपीएस चैनीची वस्तू नव्हे. सुतारवाड्यासारख्या, २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी पाहिलेल्या भागात तर ओएनटी आणि त्याचा प्लग-पॉइंट भिंतीवर उंचच असावा.

ओएनटीचा मूळ अडॅप्टरही मोजला. लेबल १२ व्होल्टचं, चालू असताना मिळत होते ११ च्या खाली. आतला कपॅसिटर दमला की असं होतं. मग घंटी वाजताना जास्त करंट लागतो आणि डबा त्या क्षणी रीस्टार्ट होतो. लोकांना वाटतं, फोन आला की नेट जातं. अडॅप्टर बदलताना व्होल्ट तेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त, एवढं पाहावं.

आता शब्द गळण्याकडे. खालच्या फोनला थेट वायर लावूनही मधूनच तुकडा जात होता, म्हणजे हा दोष तांब्याचा नव्हता. ब्राउझरमध्ये ओएनटीचा पत्ता १९२.१६८.१.१ टाकून, मागच्या स्टिकरवरच्या पासवर्डने आत गेलो आणि ऑप्टिकल माहितीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी पाहिली: उणे २६.८ डीबीएम (डीबीएम म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण). हा आकडा वाचता येणं फार उपयोगी आहे. नेहमीच्या जीपॉन (घरोघरच्या फायबरची पद्धत) ओएनटीची ग्रहणक्षमता साधारण उणे २७ पर्यंत असते, म्हणजे हा फोन अगदी काठावर चालला होता. असायला किती हवा याचा अंदाज बांधता येतो. एक्स्चेंजकडून निघतो साधारण अधिक ३ डीबीएम. वाटेत ६४ घरांत वाटणी झाली तर सुमारे २१ डीबी गेले. ३ किलोमीटर फायबरला १ डीबीच्या आत-बाहेर. चार कनेक्टर मिळून दीड. उरले उणे २०.५ च्या आसपास. इथे त्याहून ६ डीबी जास्त गळत होते, आणि ६ डीबी म्हणजे प्रकाशाचा चौथा हिस्साच पोचणं.

गळती शोधायला लांब जावं लागलं नाही. खिडकीपाशी उरलेल्या केबलचं वेटोळं करून ते खिळ्याला टायने घट्ट आवळलेलं होतं, वेटोळ्याची त्रिज्या जेमतेम एक सेंटिमीटर. साध्या फायबरला ३ सेंटिमीटरपेक्षा लहान वळण सोसत नाही, प्रकाश वळणातून बाहेर सांडतो. वाकणं सोसणारी फायबर वेगळी मिळते, पण टायने चिमटलेली जागा तिलाही नको. वेटोळं सोडून तळहाताएवढं मोठं केलं, चौकटीत दबलेली जागा मोकळी केली: उणे २३.१. मग ओएनटीचा हिरवा कनेक्टर काढून पेनसारख्या क्लीनरने साफ केला: उणे २१.४. या कनेक्टरच्या तोंडाला बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही, शर्टाने पुसायचं नाही. क्लीनर नसेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कागद, एकाच दिशेने एकदा. आणि आत डोळा लावून "लाइट येतीय का" हे कधीही पाहायचं नाही. १४९० नॅनोमीटरचा लेसर डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला इजा करतो. सोबत रंगही पाहून घ्यावा. हिरव्या कनेक्टरचं तोंड ८ अंशांनी तिरकं असतं, निळ्याचं तसं नसतं. मधल्या कपलरमध्ये (दोन कनेक्टर जोडणारा तुकडा) कोणी हिरवा-निळा जुळवला असेल तर प्रकाश परावर्तित होतो आणि गळती वाढते.

प्रश्न असा येतो की प्रकाश इतका कमी असताना यूट्यूब कसं चालत होतं? चालतं, आणि म्हणूनच लोक लाइनवर संशय घेत नाहीत. व्हिडिओचं हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवलं जातं, तोपर्यंत आधी साठवलेला भाग पडद्यावर चालतो. फोनच्या आवाजाचं पॅकेट पुन्हा मागवत नाहीत. ते वेळेत आलं तर आलं. नेहमीच्या जी.७११ कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाचे आकडे करायच्या पद्धतीत, सेकंदाला ५० पॅकेट जातात, प्रत्येकात २० मिलिसेकंदांचा आवाज. एखादं गेलं तर फोन आधीच्या आवाजावरून ती फट बुजवतो आणि कानाला कळत नाही. सलग तीन गेली तर ६० मिलिसेकंद गेले, म्हणजे एखादं व्यंजन गेलं. मग "सात" की "साठ" असे घोळ होतात. शंभरात एकापेक्षा जास्त पॅकेट हरवायला लागली की बोलणं त्रासाचं होतं, आणि ती सलग हरवली तर त्याहून आधीच.

पावसा-वाऱ्यात मात्र आकडा पुन्हा उणे २५ पर्यंत घसरत होता. दर तासाला पान उघडून आकडा वहीत लिहिला. घरातलं काही हललं नव्हतं, तेव्हा हा दोष खांबावरच्या जोडाचा. तो आपण उघडायचा नसतो. फायबर कंपनीच्या माणसाला वहीतले आकडे दाखवले, त्याने खांबावरची पेटी उघडली, झाकणाचं रबर गेलेलं, आत पाणी. जोड नव्याने मारला. पेठांमध्ये या केबली खांबाखांबांवरून लोंबत्या असतात. गणपतीच्या दिवसांत मंडपाच्या बांबूंना त्या ओढल्या जातात, उपनगरांकडे हंगामात उंच भरलेली उसाची ट्रॉली त्यांना ताणते. तुटली तर ओएनटीवर लाल दिवा लागतो आणि लगेच कळतं. नुसती ताणली तर दिवा हिरवाच राहतो आणि फोन तुटायला लागतो. म्हणून चांगला असतानाचा आकडा लिहून ठेवलेला असावा. इथे तो ओएनटीच्या बाजूलाच भिंतीवर चिकटवला.

माडीवरचा फोन हा वेगळा आणि जास्त गुंतागुंतीचा प्रकार. खालच्या फोनला फायबर कंपनीने ओएनटीच्या आत स्वतंत्र रस्ता दिलेला होता. जोडण्यांच्या पानावर इंटरनेट आणि व्हॉइस अशा दोन वेगळ्या ओळी दिसत होत्या. त्यामुळे घरात कोणी कितीही डाउनलोड केलं तरी त्याला धक्का नव्हता. माडीवरचा फोन मात्र घरातल्या सगळ्या गर्दीत इंटरनेटच्याच रस्त्याने जातो.

तपासणी आतून बाहेर केली. लॅपटॉप फोनच्या जागी लावला आणि कमांड प्रॉम्प्टमधून पिंग (उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणारं छोटं पॅकेट) सोडले, एका ठिकाणी ३०० वेळा, म्हणजे सुमारे पाच मिनिटं. आधी घरचा राउटर, मग ओएनटी, मग ट्रेसरूटमध्ये (वाटेतले टप्पे दाखवणारी कमांड) दिसणारा फायबर कंपनीचा पहिला टप्पा, मग ८.८.८.८ हा इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता. वायरने जोडलेल्या राउटरचं उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत यायला हवं. इथे माडीवरून ते ३ पासून १८० पर्यंत उड्या मारत होतं आणि ३०० मधले ७ गेलेच. म्हणजे आवाज घराबाहेर पडायच्या आधीच फाटत होता. ट्रेसरूट वाचताना एक सावधगिरी: मधल्या एखाद्या टप्प्यावर नुकसान दिसलं आणि शेवटच्या टप्प्यावर नाही, तर तो दोष नसतो. मोठे राउटर स्वतः उत्तर द्यायला कंटाळा करतात, पुढे पाठवायला नाही.

कारण एक्स्टेंडर. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच परत बोलतो, त्यामुळे प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं. त्यात जिन्याची भिंत दगड-मातीची, दोन फूट जाड. फोनपाशी सिग्नल उणे ७८ डीबीएम होता. आवाजासाठी उणे ६७ किंवा त्याहून चांगला धरावा. दाट वस्तीत २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच, आणि ते शेजाऱ्यांच्या राउटरांनी भरलेले. शिवाय त्याच पट्ट्यात मायक्रोवेव्ह आणि काही जुने कॉर्डलेस. चॅनेल बदलून थोडा फरक पडतो, पण जागेवर बसून वापरायच्या फोनला केबल ओढणं हाच खरा उपाय. जिन्याच्या कडेने १८ मीटर कॅट-६ टाकली. घेताना अस्सल तांब्याचीच घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल वाकवताना आत तुटते आणि तिच्यावरून वीज पाठवून फोन चालवायचा असेल तर तापते. विजेच्या पट्टीतून तिला नेली नाही.

याच कामात ओएनटी आणि राउटर यांच्यामधली जुनी केबलही सदोष निघाली, आणि हा दोष भल्याभल्यांना चकवतो. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागत होते. पण क्रिंप करणाऱ्याने रंग जोडीजोडीने लावले होते: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, हिरवा, असे पुढे. टेस्टर फक्त तार एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत गेली का एवढं सांगतो. लॅनला मात्र ३ आणि ६ नंबरच्या पिना एकाच पिळलेल्या जोडीच्या हव्यात. तसं नसेल तर एका जोडीचा सिग्नल दुसरीत शिरतो आणि वर्दळ वाढली की पॅकेट खराब होतात. बरोबर क्रम असा: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच.

केबल झाल्यावर दिवसा सगळं सुरळीत झालं. संध्याकाळचं तुटणं राहिलं. आता ८.८.८.८ ला पिंग चालू ठेवून पाहिलं. शांत वेळी २४ मिलिसेकंद. सूनबाईंचे यजमान घरी आले, त्यांच्या मोबाइलने दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला सुरुवात केली, आणि पिंग ४०० च्या वर. चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने ८ आधीच खात होते, उरलेले २ फोटोंनी भरले. कॉलला लागतात किती, तर जी.७११ ला सगळ्या वेष्टनासह एका दिशेने सुमारे ८७ केबीपीएस, म्हणजे १० एमबीपीएसमध्ये शंभरावर कॉल मावतील. जागा कमी नव्हती. रांग लांब होती. राउटर भरलेल्या अपलोडसमोर पॅकेट टाकून न देता साठवत जातो, आणि आवाजाचं इवलंसं पॅकेट गगनबावडा रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलेल्या दुचाकीसारखं त्या रांगेत राहतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीप्रमाणे एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण नैसर्गिक वाटतं. त्यापुढे दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. स्पीड टेस्ट हे सांगत नाही, कारण ती किती माल गेला ते मोजते. थांबावं किती लागलं, हे तिच्या मोठ्या आकड्यात येत नाही.

उपाय दोन केले. कॅमेऱ्यांचा क्लाउडला जाणारा प्रवाह ५१२ केबीपीएसच्या दुय्यम दर्जावर आणला आणि पूर्ण दर्जाचं रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्याच कार्डवर ठेवलं. चारांचे मिळून ८ चे २ एमबीपीएस झाले. आणि राउटरमध्ये एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारी सोय) चालू करून अपलोडची मर्यादा ९ वर बांधली, मोजलेल्या १० च्या नव्वद टक्क्यांवर. मर्यादा थोडी खाली ठेवायची ती याचसाठी की रांग आपल्या राउटरमध्ये लागावी, जिथे आवाजाला पुढे काढता येतं. ओएनटीत लागली तर आपला काही इलाज नाही. राउटरमध्ये एसक्यूएम नसेल तर क्यूओएसमध्ये (कोणाला आधी सोडायचं ते ठरवणारी सोय) आयपी फोनच्या पत्त्याला सर्वोच्च प्राधान्य द्यावं आणि तिथेही अपलोडचा आकडा भरावा. तो कोरा ठेवला तर बहुतेक राउटरांत प्राधान्याला अर्थ उरत नाही. यानंतर फोटो चढत असतानाही पिंग ३५ च्या आत राहिला. फोनमधला जिटर बफर (मागे-पुढे येणारी पॅकेट थोडी थोपवून ओळीत लावणारी जागा) वाढवून हेच झाकता आलं असतं, पण तो वाढवला तेवढा उशीर वाढतो. तो शेवटचा उपाय.

अर्ध्या मिनिटात कटणारे कॉल हा या सगळ्याहून निराळा विषय. आवाज कितीही स्वच्छ असला तरी हे होतं. वहीत वेळ पाहिली तर प्रत्येक वेळी ३२ सेकंदांच्या आसपास. हा आकडा ओळखीचा आहे. एसआयपी, म्हणजे इंटरनेटवरचे कॉल जुळवायच्या पद्धतीत, कॉल उचलल्यावर "पोचलं" असा शेवटचा निरोप परत जावा लागतो. तो ३२ सेकंदांत नाही मिळाला तर कॉल सोडून दिला जातो. निरोप हरवतो तो पत्त्यांच्या घोळामुळे. ओएनटी स्वतः राउटर, त्याच्यामागे घरचा राउटर, दोघेही पत्ते बदलतात, आणि त्यात ओएनटीतलं एसआयपी एएलजी मदत करायच्या नादात पॅकेटच्या आतले पत्तेही बदलतं. एकाच बाजूने आवाज जाण्यामागेही बहुधा हेच असतं. घरच्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (पत्ते न बदलता नुसतं वाय-फाय देणं) टाकणं हा एक मार्ग, पण मग एसक्यूएम हातून जातं. म्हणून इथे ओएनटीची इंटरनेट जोडणी ब्रिज (पत्ते न बदलता सरळ पुढे देणारी) करून घेतली आणि लॉगिन घरच्या राउटरवर आणलं, तिथलंही एएलजी बंद केलं. ब्रिज करताना कंपनीला स्पष्ट सांगावं की व्हॉइसची ओळ आहे तशीच ठेवा, नाहीतर खालचा फोन मुका होतो. कॉल १५ किंवा ३० मिनिटांनी कटत असेल तर कारण वेगळं: चालू कॉलची नूतनीकरणाची वेळ बहुधा १८०० सेकंद असते, तिचा निरोप अडतो. आणि फोन करता येतो पण थोडा वेळ शांत गेला की येणारा कॉल वाजत नाही, असं असेल तर राउटरने मधली वाट बंद केलेली असते. आयपी फोनमध्ये कीप-अलाइव्ह (वाट जागी ठेवणारा निरोप) ३० सेकंदांवर ठेवला की ती उघडी राहते.

घुमणं या घरात फार नव्हतं, पण नियम सांगून ठेवतो. स्वतःचाच आवाज परत ऐकू आला तर तो बहुतेकदा पलीकडच्या फोनवर तयार होतो, तिकडच्या स्पीकरमधून तिकडच्या माइकमध्ये जाऊन. तिकडे स्पीकरफोन बंद करायला सांगावं. बँकेच्या यंत्राला आकडे दाबून कळत नसतील तर आयपी फोनमध्ये डीटीएमएफची, म्हणजे दाबलेले आकडे पाठवायची, पद्धत आवाजातून न ठेवता आरएफसी २८३३ (आकडे वेगळ्या पॅकेटमधून) करावी, आणि फोनसेवा देणाऱ्या कंपनीकडेही तीच आहे ना ते विचारावं.

कंपनीकडे तक्रार करताना "आवाज तुटतो" एवढंच लिहिलं तर समोरून ओएनटी बंद-चालू करा एवढंच उत्तर येतं. इथे तक्रारीत लिहिलं ते असं: ओएनटीवर येणारा प्रकाश, कोरड्या हवेत उणे २१.४, पावसात उणे २५. फोन पोर्टला थेट लावून तपासला आहे, घरातली वायरिंग वेगळी केली आहे. खराब कॉलच्या वेळा आणि दिशा या या. मग तक्रार सरळ लाइनमनकडे गेली. डॉकेट (तक्रारीचा) नंबर घेऊन वहीत लिहावा, आणि काम न होता तक्रार बंद केली गेली तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. अपिलासोबत वहीतली ती पानं फोटो काढून जोडावीत.